औषधाचा रंग

मंडळी, ‘कुष्ठ’ हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे आणि तितकाच सैल. चरक-सुश्रुतांनी कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. त्या यादीत आपलं गजकर्ण आहे, खरजेसारखी दुखणी आहेत, इसबासारखी आहेत. थोडक्यात, कातडीला जे काही बिघडेल ते कुष्ठ. त्या काळी सूक्ष्मदर्शक नव्हता, डोळ्यांना दिसेल त्यावरून वर्गवारी करायची, तेव्हा त्यात त्यांची चूक काहीच नाही. पण नंतर याच शब्दाला एका विशिष्ट रोगाची भीती चिकटली आणि शब्द मात्र सैलच राहिला. पांढऱ्या कोडाला लोक आजही ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतात. कोडात ना जंतू असतो, ना संसर्ग. कातडीला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा होतात, एवढंच. पण नावात कुष्ठ आलं की संपलं.

हे आठवायचं कारण म्हणजे आमच्या नात्यातल्या एका मुलीचं ठरत आलेलं लग्न गेल्या वर्षी मोडलं. पायावर कोडाचा रुपयाएवढा डाग. मुलाकडच्यांनी डॉक्टरला विचारलं नाही, आजीला विचारलं. आजी म्हणाल्या, “तेही कुष्ठच.” धाकट्या सुनेने मला फोनवर विचारलं, “आई, मग खरं कुष्ठ म्हणजे नेमकं काय?” सांगायला बसले आणि फोन पुरेना. म्हणून हा लेख. थोडा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी इतिहासाची शिक्षिका, डॉक्टर नव्हे. पण माझी सगळी नोकरी वर्धा जिल्ह्यात गेली आणि वर्ध्यात राहून कुष्ठरोगाचा इतिहास कानावर पडला नाही असं होत नाही. पुस्तकांत हा इतिहास शोधांच्या जंत्रीसारखा येतो. अमुक साली जंतू सापडला, तमुक साली औषध सापडलं, रोग हटला. औषध घेणाऱ्याच्या अंगावर त्या औषधाने काय केलं, हे त्या जंत्रीत बसत नाही. मला मात्र तोच भाग महत्त्वाचा वाटतो. कारण या रोगाची भीती मुळात कातडी बघून बसते, आणि त्याचं जवळजवळ प्रत्येक औषध कातडीवर स्वतःची खूण ठेवून गेलं आहे.

आधी रोगाविषयी. १८७३ साली नॉर्वेतल्या बर्गन गावी गेरहार्ड हान्सन या डॉक्टरला रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू दिसले. माणसाच्या रोगाचं कारण म्हणून दाखवल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी हा एक, कॉखच्या क्षयजंतूच्या नऊ वर्षं आधीचा. तोवर युरोपातही हा रोग आनुवंशिक आहे असंच बहुतेकांचं मत होतं. हा जंतू विलक्षण आळशी. पटकीचे जंतू तासाभरात दुप्पट-चौपट होतात, याला दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. त्यामुळे संसर्ग आणि पहिला चट्टा यांत सहज तीन-पाच वर्षं जातात, कधी वीसही. याला शरीराचे थंड भाग आवडतात: कानाची पाळी, नाक, हातपाय आणि कातडीलगतच्या नसा. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तो अजूनही वाढत नाही. आणि शंभरातल्या पंचाण्णवांना तर तो काहीच करू शकत नाही, कारण त्यांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते.

बोटं झडतात, हा एक मोठा गैरसमज. जंतू नस बधिर करतो. मग चुलीवरचं भांडं चिमट्याशिवाय उचललं तरी कळत नाही, चपलेत खडा गेला तरी कळत नाही. जखम होते, चिघळते, हाडापर्यंत जाते आणि हळूहळू बोट आखूड होत जातं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली आले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दाखवून दिलं की या जखमांचं मूळ सडणाऱ्या मांसात नसून हरवलेल्या वेदनेत आहे. वेदना ही किती मोठी राखणदार आहे हे मला तेव्हा प्रथम समजलं. असो.

आता औषधांकडे वळू. पहिलं औषध आपल्या कोकणातलंच आहे. सह्याद्रीच्या उतारावर, ओढ्यांच्या काठी एक सदाहरित झाड असतं, कडू कवठ. गोव्यात त्याला खष्ट म्हणतात. कवठासारखं टणक गोल फळ, आत तेलकट बिया. संस्कृतात हा तुवरक. पश्चिम समुद्राच्या किनाऱ्यावर होणारी झाडं म्हणून सुश्रुताने त्याचा उल्लेख करून कुष्ठावर त्याचं तेल सांगितलं आहे. पूर्वेकडे, बंगाल-ब्रह्मदेशाच्या बाजूला, याच कुळातल्या झाडाचं तेल चालमोगरा म्हणून प्रसिद्ध होतं. कलकत्त्याच्या डॉ. मुआट यांनी १८५४ साली त्याविषयी लिहिलं आणि साहेबाच्या वैद्यकात ते शिरलं. पुढची नव्वद वर्षं जगभर कुष्ठावर दुसरं सांगण्यासारखं औषध नव्हतं.

आणि काय औषध! तोंडाने घेतलं की पोटात राहत नसे. मळमळ, उलट्या, भूक मेलेली. बरेच रुग्ण आठवड्याभरातच नको म्हणत. मग सुईने द्यायचं ठरलं. तेल दाट, रक्तात मिसळत नाही. टोचलं तिथेच कातडीखाली साचून राहायचं, गाठ व्हायची, पिकायची. वर्षानुवर्षं आठवड्यातून दोनदा टोचून घेतलेल्या माणसाचं अंग गाठींनी भरून जायचं. म्हणजे गाठींच्या रोगावर गाठींचं औषध. हवाई बेटांवर ॲलिस बॉल नावाच्या तरुण कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीने १९१५-१६ च्या सुमारास या तेलातल्या आम्लांपासून पाण्यासारखं पातळ, अंगात जिरणारं द्रव्य बनवायची रीत काढली. १९१६ च्या शेवटच्या दिवशी ती वारली, अवघ्या चोविसाव्या वर्षी. तिच्या कामावर पुढे तिच्या विद्यापीठाच्या अध्यक्षांचं नाव लागलं. तिला तिचं श्रेय मिळायला बरीच वर्षं गेली. कलकत्त्यातही लेनर्ड रॉजर्स यांनी याच दिशेने काम केलं आणि पुढे म्यूर यांनी चट्ट्यातच थेंब-थेंब तेल टोचायची पद्धत चालवली. एका बैठकीत कित्येक टोचण्या.

याने रोग बरा होत होता का? काहींना उतार पडे, पुष्कळांना पडत नसे, आणि काही चट्टे तर औषध न घेताही आपोआप जातात. डॉक्टरांतही एकमत नव्हतं. तरी रुग्ण रांगेत उभे राहत. आपल्याकडे तरी त्यांना दुसरं काय होतं? १८९८ चा लेपर्स ॲक्ट होता. त्याने निराधार कुष्ठरोग्याला विनावॉरंट पकडून आश्रमात कोंडायची मुभा दिली होती. त्याला खाण्याचे पदार्थ करायला-विकायला, सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करायला, भाड्याची गाडी हाकायला बंदी करता येत असे. मुंबईत माटुंग्याला १८९० साली उभं राहिलेलं आश्रयस्थान, आजचं वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय, हे त्याच काळातलं. म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांनी ते काढलं. पोवाडे गोळा करणारे आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद करणारे ॲक्वर्थ ते हेच. (बीएला असताना पोवाड्यांच्या संदर्भात हे नाव यायचं, आणि हेच ते इस्पितळवाले हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.)

परचुरे शास्त्री या तेलाच्या काळातले. संस्कृतचे विद्वान, स्वातंत्र्यलढ्यात येरवड्याच्या तुरुंगात असताना रोग दिसून आला. नंतर ते सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं, झोपडी बांधून दिली, त्यांच्या अंगाला स्वतः मालिश केलं. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. जवळच दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठधाम चालवलेलं होतं. शास्त्रीजी १९४५ साली गेले. मला दर वेळी त्या फोटोपेक्षा त्या वर्षाचं वाईट वाटतं. कारण १९४१ साली अमेरिकेत लुइझियानातल्या कार्व्हिल इथल्या सरकारी कुष्ठरुग्णालयात डॉ. फॅजेट यांनी प्रोमिन नावाचं सल्फोन जातीचं औषध शिरेतून द्यायला सुरुवात केली होती. १९४३ साली ते छापूनही आलं होतं. जंतूला खरोखर मारणारं औषध जगात आलं होतं, सेवाग्रामच्या झोपडीपर्यंत पोचलं नव्हतं.

प्रोमिन ज्यापासून बनलं होतं ते मूळ द्रव्य म्हणजे डॅप्सोन. जर्मनीत १९०८ साली रंगांच्या रसायनशास्त्राच्या भरात ते तयार झालं होतं आणि तीस वर्षं कुणी त्याला औषध म्हणून हात लावला नव्हता. मद्रासजवळ चिंगलपेटला डॉ. कॉक्रेन यांनी आणि नायजेरियात डॉ. लोव यांनी दाखवून दिलं की महागड्या प्रोमिनची गरज नाही, स्वस्त डॅप्सोनच पुरतं, आणि तेही गोळीने. ही मोठीच क्रांती होती. १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठ निधी सुरू झाला. डॉ. वार्देकर यांनी गावोगाव फिरून पाहणी, लोकशिक्षण आणि घराजवळ गोळ्या, अशी त्रिसूत्री घालून दिली. देशाच्या १९५५ च्या कार्यक्रमाला हाच नमुना उपयोगी पडला. आमच्या लहानपणी शाळेत तपासणीला माणसं येत. मुलांना सदरा काढून उन्हात उभं करायचे, पाठ बघायचे, डाग असेल तिथे पिसाने हळूच स्पर्श करून विचारायचे, “कळतंय का?” आम्हाला गुदगुल्या व्हायच्या. ज्याला होत नसत तो मुलगा बाजूला काढला जाई.

पण डॅप्सोननेही आपलं माप वसूल केलं. रक्त कमी होणं हे नेहमीचंच. ज्यांच्या रक्तात एका विशिष्ट विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. कुणाचे ओठ निळसर दिसू लागत. सगळ्यात वाईट म्हणजे चार-सहा आठवडे गोळी घेतल्यावर अचानक ताप, अंगभर लाल पुरळ, गाठी सुजणं, कावीळ, आणि कातडी सोलून निघणं. लोव यांनी नायजेरियातून १९४९ सालीच याची नोंद केली होती. दहातला एखादा असा रुग्ण दगावत असे. कुणाला हे होईल ते कळायला मार्ग नव्हता. २०१३ साली चिनी संशोधकांनी दाखवलं की एका ठराविक जनुकप्रकाराच्या माणसांनाच प्रामुख्याने हा धोका असतो. म्हणजे रक्त आधी तपासून टाळता येण्यासारखी गोष्ट. पण चौसष्ट वर्षं मधे गेली.

आता एक गुंता सांगते, तो समजायला मला फार वेळ लागला. कुष्ठात जंतू मेला म्हणून त्रास संपत नाही. मेलेल्या जंतूंचे अवशेष कातडीत आणि नसांत वर्षानुवर्षं पडून राहतात. शरीराची फौज मधेच जागी होऊन त्यांच्यावर तुटून पडते. मग चट्टे लाल होऊन सुजतात किंवा अंगावर दुखऱ्या लाल गाठी उठतात, ताप येतो, आणि कोपराजवळची, गुडघ्याजवळची नस सुजून दुखते. चार दिवसांत हात वाकडा होऊ शकतो, पाऊल लुळं पडू शकतं. याला ‘रिॲक्शन’ म्हणतात. कधी ती औषधाआधीच येते, कधी औषध चालू असताना, कधी औषध संपल्यावर वर्ष-दोन वर्षांनी. आता खेड्यातल्या माणसाच्या जागी बसून बघा. त्याला एक न दुखणारा डाग होता. सरकारी माणसाने गोळ्या दिल्या. तीन महिन्यांत अंग सुजलं, बोटं वाकडी झाली. तो काय म्हणेल? गोळीने केलं म्हणेल. आणि गोळी टाकून देईल. त्याच्या गावातले आणखी दहाजण टाकून देतील. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. पण त्याने जे पाहिलं ते खरंच होतं, फक्त कारण वेगळं होतं आणि ते कुणी त्याला बसून समजावलं नव्हतं.

डॉक्टरही घाबरले. रिॲक्शन येऊ नये म्हणून डॅप्सोनचा डोस अगदी थोडा ठेवायची रीत काही काळ पडली. त्यात माणसं मधूनमधून गोळी सोडायची. एकच औषध, तेही थोडं, तेही तुटक. जंतूंना यापेक्षा चांगली शिकवणी कुठली? मलेशियातल्या सुंगाय बुलो इथल्या रुग्णांत डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असल्याचं १९६४ साली पक्कं सिद्ध झालं. (हा जंतू बशीत वाढत नाही, म्हणून उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवून ते तपासावं लागलं, ही युक्ती १९६० ची.) पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगभर तेच दिसू लागलं. औषधाच्या त्रासाची भीती, त्या भीतीने कमी केलेला डोस, आणि त्यातून हाताबाहेर गेलेलं औषध. इतिहासात अशा साखळ्या पुष्कळ सापडतात, पण इतकी सरळ क्वचितच.

रिॲक्शनवर आणखी एक औषध आलं, त्याची गोष्ट दोनच ओळींत सांगते. थॅलिडोमाइड. गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलेलं, हजारो मुलं हातापायांविना जन्माला आली म्हणून १९६१ साली बाजारातून मागे घेतलेलं. जेरुसलेमच्या डॉ. शेस्किन यांनी १९६४ च्या सुमारास ते झोपेसाठी म्हणून एका कुष्ठरुग्णाला दिलं आणि लाल गाठींची रिॲक्शन पाहता पाहता ओसरली. म्हणून ते कडक बंधनांत पुन्हा वापरात आलं. तरीही ब्राझीलमध्ये कुष्ठासाठी दिलेल्या गोळ्यांमुळे पुढेही व्यंग असलेली मुलं जन्मली.

आता त्या औषधाकडे येते ज्यासाठी लेखाला हे नाव दिलं. डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी आणि त्यांचे सहकारी क्षयावर औषध शोधत होते. १९५४ च्या सुमारास त्यांनी एक गडद लाल द्रव्य बनवलं, बी ६६३. क्षयाच्या रोग्यांना त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. नायजेरियात १९६२ साली ब्राऊन आणि होगरझील यांनी ते कुष्ठावर वापरून पाहिलं आणि ते लागू पडलं. शिवाय ते रिॲक्शनही दाबतं, हा मोठाच फायदा. हेच क्लोफाझिमिन. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने ठरवलं की एकट्या औषधावर यापुढे विसंबायचं नाही. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि जास्त जंतूंच्या रुग्णांना क्लोफाझिमिन, अशी बहुविध औषधं एकदम द्यायची. जन्मभर चालणारं औषध दोन वर्षांवर आलं, नंतर एका वर्षावर. आपल्याकडे ज्या मोजक्या जिल्ह्यांत ते सुरुवातीला आलं त्यांत वर्धा होतं. या औषधांनी जगभरात दीड कोटीहून अधिक माणसं बरी झाली आहेत. त्यांच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे, हे आधी सांगून टाकते.

पण क्लोफाझिमिन हा मुळात रंग आहे, आणि तो कातडीत उतरतो. काही आठवड्यांत चेहरा तांबूस होतो, मग तपकिरी, मग काळपट. जिथे चट्टे होते तिथे अधिक गडद, जिथे ऊन लागतं तिथे अधिक गडद. पायाची कातडी कोरडी पडून माशाच्या खवल्यांसारखी दिसते. घामाने बनियनला तांबूस डाग पडतात. (लघवी लाल होते ती रिफाम्पिसिनने, आणि ती दिवसभरात निवळते.) औषधाच्या पुस्तकात हे सारं ‘किरकोळ दुष्परिणाम’ या सदरात असतं. यकृताला धोका नाही, मूत्रपिंडाला नाही, जिवाला नाही, म्हणून किरकोळ.

आमच्या शाळेत शिवणाच्या एक बाई होत्या. उजळ, नीटनेटक्या, डोक्यात रोज एखादं फूल. ऐंशीच्या दशकात त्यांच्या पाठीवर आणि दंडावर चट्टे निघाले. त्यांना जास्त जंतूंचा प्रकार निघाला. घरी नवरा आणि सासू एवढ्यांनाच माहीत. महिन्याच्या महिन्याला दुसऱ्या गावी जाऊन पाकीट आणायच्या. रोगाचे चट्टे पदराखाली झाकत होते. कुणाला कधी कळलं नसतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात चेहरा करपल्यासारखा झाला, आणि त्या भागात तो रंग ओळखणारे डोळे भरपूर होते. स्टाफरूममध्ये त्यांच्या कपबशीला आपोआप वेगळी जागा मिळाली. कुणी ठरवलं असं नाही, ती तशी मिळाली. एक-दोन पालकांनी मुलींचं शिवण बंद केलं. मुख्याध्यापकांनी त्यांना ‘विश्रांतीसाठी’ बिनपगारी रजा सुचवली. मी आणि गणिताच्या एका बाई रोज त्यांच्या शेजारी बसून डबा खायचो, त्याने फार काही बदललं असं म्हणवत नाही. त्या रजेवर गेल्या नाहीत. एकदा मला म्हणाल्या, “अहो, रोग होता तेव्हा मी चांगली दिसत होते. आता बरी होतेय तर महारोगी दिसते.”

त्यांनी पाकिटातली ती तपकिरी गोळी काढून टाकली नाही. पुष्कळजण टाकतात. बाकीच्या दोन घेतात, रंगाची तेवढी खिडकीबाहेर. विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुली. मग जंतूंशी लढणारी एक फळी कमी होते, आणि रिॲक्शन दाबणारं औषधही जातं. डॉक्टरांच्या भाषेत याला ‘औषध नियमित न घेणे’ म्हणतात. मला वाटतं, ज्या देशात लग्नाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द आजही सापडतो, तिथे चेहऱ्याचा रंग बदलणं किरकोळ म्हणणाऱ्यांनी त्या समाजाचाच विचार केलेला नव्हता. आणि सांगायला किती लागतं? ‘रंग बदलेल, घाबरू नका, औषध संपल्यावर काही महिन्यांत उतरायला लागेल, पूर्ण जायला वर्ष-दोन वर्षं लागतील.’ पहिल्या दिवशी ही चार वाक्यं. शिवणाच्या बाईंना ती कुणीही सांगितली नव्हती. त्यांना वाटलं होतं हे आता कायमचं. त्यांचा रंग गोळ्या संपल्यावर साधारण दीड वर्षाने परतला. कपबशी मात्र वेगळीच राहिली, निवृत्तीपर्यंत.

कायदेही असेच उशिरा हलले. भारताने २००५ च्या डिसेंबरात कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर केलं, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ ‘रोग संपला’ असा घेतला. त्यानंतरही आपल्या देशात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडत आले आहेत, जगातल्या एकूण नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक. १८९८ चा तो लेपर्स ॲक्ट रद्द व्हायला २०१६ उजाडलं, म्हणजे पूर्ण बरं करणारी औषधं आल्यावर पस्तीस वर्षं. जोडीदाराला कुष्ठ आहे या कारणाने घटस्फोट मागायची तरतूद २०१९ साली काढली गेली. तोवर हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन आणि विशेष विवाह कायदा या सगळ्यांत ती होती. या एका बाबतीत आपण सर्वधर्मसमभाव कसोशीने पाळला म्हणायचा!

२०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने आणखी एक शिफारस केली: एक-दोन चट्टे असलेल्या, कमी जंतूंच्या रुग्णांनाही तिन्ही औषधं द्यावीत, सहा महिने. वैद्यकीय दृष्ट्या त्याला कारणं आहेत. सगळ्यांना एकच पाकीट, त्यामुळे प्रकार ओळखण्यात चूक झाली तरी औषध कमी पडत नाही. पण याचा दुसरा अर्थ असा की ज्यांना पूर्वी तो रंग चुकत होता, त्यांत शाळेतली मुलं पुष्कळ, त्यांनाही आता तो लागणार. तेव्हा शाळेत असलेल्या आपल्यापैकी कुणाला, आणि आमच्या या ब्लॉगकुटुंबात शिक्षक बरेच आहेत, वर्गातला एखादा मुलगा सहा महिन्यांत काळवंडलेला दिसला तर त्याच्या तोंडावर काही बोलू नका आणि इतरांना बोलू देऊ नका. तो औषध घेतोय. रिफाम्पिसिनचा पहिलाच डोस पोटात गेला की त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता जवळपास संपते.

आणि घरच्यांसाठी. अंगावर फिकट किंवा लालसर डाग असेल, खाजत नसेल, दुखत नसेल, आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. औषध फुकट मिळतं. कोडाच्या डागावर स्पर्श पूर्ण कळतो, म्हणजे आमच्या त्या मुलीचा डाग कुणीही पिसाने तपासू शकला असता. औषध चालू असताना किंवा संपल्यावरही नस दुखली, बोट वळेना, डोळा नीट मिटेना असं झालं तर त्याच दिवशी जा. रिॲक्शनवर स्टेरॉइडच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या तर हात वाचतो. त्या मात्र मनाने घेऊ नका आणि मनाने बंदही करू नका. त्यांनी साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात, तो वेगळाच अध्याय आहे.

शेवटी एक काम. सावंतवाडी, गोवा, रत्नागिरीकडची जी मंडळी हे वाचतात, त्यांच्या परसात किंवा वहाळाकाठी अजून कडू कवठाचं झाड असेल तर फळाचा आणि बियांचा फोटो पाठवा, आणि तुमच्याकडे त्याला काय नाव आहे तेही कळवा. मी ते झाड चित्रातच पाहिलं आहे.